ठाण्यापर्यंत कालचं

मी डोंबिवलीला राहते आणि फोर्टमधल्या एका खाजगी कंपनीत अकाउंट्स बघते. सकाळी आठनंतरची एक फास्ट पकडते. बायकांच्या डब्यात आमचा ठरलेला ग्रुप आहे. एलआयसीतल्या ताई, कामगार आयुक्तांच्या कार्यालयातल्या मॅडम, बँकेतल्या दोघी, दादरच्या शाळेतली शिक्षिका आणि आणखी काही जणी. डब्यात माणूस आधी ऑफिसवरून ओळखलं जातं, नाव नंतर कळतं. दसऱ्याला आम्ही डब्याला तोरण बांधतो. येताना कुणी मेथी निवडतं, कुणी मटार सोलतं. आणि दोन्ही वेळेला मालिकांवर बोलतो.

हे बोलणं आमच्यासाठी महत्त्वाचं आहे, म्हणून त्यात काय बिघडलं आणि कशानं सावरलं ते लिहिते आहे. असे ग्रुप प्रत्येक डब्यात, प्रत्येक सोसायटीत असतील.

रोजच्या रोज बोलायला लागलो ते 2019 च्या डिसेंबरात 'आई कुठे काय करते' सुरू झाल्यावर. सुरुवातीला बऱ्याच जणींचं मत होतं की पुन्हा एक सोशिक बाई आणली. पण अरुंधती सगळ्यांना ओळखीची वाटली. तिचं काम करणाऱ्या मधुराणी प्रभुलकरांचं बोलणं, डबे भरणं, मध्येच थबकणं, हे आमच्या घरातलंच होतं. तिचा नवरा अनिरुद्ध आणि संजनाचं प्रकरण पुढे आलं तशा आमच्यात दोन बाजू पडल्या. तरुण मुली म्हणायच्या, तिनं घर सोडावं. ताई म्हणायच्या, "पगार नाही, स्वतःचं छप्पर नाही, सोडून जाईल कुठे?"

बँकेतली एक जण या वादात कधी बोलायची नाही. एकदा संजनाला सगळ्या नावं ठेवत होत्या तेव्हा ती म्हणाली, "माझ्याकडे हेच झालंय. मी घर सोडलं नाही. आणि त्या बाईलाही मी कधी शिव्या दिल्या नाहीत, कारण लग्न माझ्याशी तिनं नव्हतं केलं." इतकी वर्षं शेजारी बसून हे आम्हाला ठाऊक नव्हतं. त्यानंतर पात्राला काय हवं ते बोलायचं, पण "असल्या बायका" म्हणून कुणाला मोडीत काढायचं नाही, हे न ठरवता सगळ्या पाळू लागल्या. मला त्या दिवशी ऑफिसात काही सुचलं नाही.

मार्च 2020 मध्ये लोकल बंद झाल्या, चित्रीकरणंही थांबली. जुने भाग पुन्हा लागायचे आणि आम्ही फोनवर त्याच जुन्या भागांवर बोलायचो. जुलैत नवे भाग सुरू झाले तेव्हा संजनाच्या भूमिकेत दीपाली पानसरेंच्या जागी रुपाली भोसले आल्या. "ही नाही शोभत" असं पहिले काही दिवस सगळ्यांनी म्हणून घेतलं. पुढे तीच संजना झाली. ऑक्टोबरात सगळ्या बायकांना गर्दीच्या वेळा सोडून लोकलमध्ये घ्यायला लागले, पण आमची नेहमीची गाडी आणि नेहमीच्या जागा मिळायला बराच काळ गेला.

पुन्हा एकत्र आलो तेव्हा पहिली कुरबुर सुरू झाली ती पुढचं सांगण्यावरून.

आपल्या बऱ्याच मालिका दुसऱ्या भाषेतल्या मालिकांवर बेतलेल्या असतात. 'आई कुठे काय करते' ही बंगाली 'श्रीमोयी'वरून आली. त्याच कथेची हिंदी 'अनुपमा' झाली. 'रंग माझा वेगळा' मल्याळम मालिकेवरून, 'सुख म्हणजे नक्की काय असतं' बंगालीवरून, 'सहकुटुंब सहपरिवार' तमिळवरून. बँकेतल्या दुसरीची सहकारी बंगाली आहे. तिच्याकडून हिनं 'श्रीमोयी'ची सगळी गोष्ट ऐकली आणि एका सकाळी सांगून टाकली की अरुंधती दुसरं लग्न करणार. ज्याच्याशी ते होणार होतं त्या आशुतोषचं पात्र तेव्हा कुठे रुळत होतं. निम्म्या जणींना गंमत वाटली, निम्म्या वैतागल्या. तरी हे फार ताणलं नाही, कारण मराठीत लेखक बरंच बदलतात आणि मूळ मालिकेतलं सगळंच्या सगळं इथे होत नाही.

खरी भांडणं ॲपमुळे झाली. पैसे भरले की रात्री टीव्हीवर लागणारा भाग त्याच दिवशी सकाळी ॲपवर बघता येतो. म्हणजे आम्ही गाडीत कालच्या भागावर बोलत असताना दोघीतिघींनी आजचा भाग डबे भरता भरता बघितलेला असतो. तोपर्यंत आम्ही 'ठरलं तर मग'मध्ये पुरत्या अडकलो होतो. ही मालिका डिसेंबर 2022 मध्ये साडेआठच्या वेळेला सुरू झाली. तीही तमिळ 'रोजा'वरून घेतलेली. आश्रमात वाढलेली सायली आश्रम चालवणाऱ्या मधुभाऊंना तुरुंगातून सोडवण्यासाठी वकील अर्जुनशी कराराचं लग्न करते. सायली खरी कोण हे प्रेक्षकाला माहीत असतं, घरच्यांना नसतं. कळणार कधी, एवढ्यावर आमचे महिनेच्या महिने गेले. अशा मालिकेत काय होणार यापेक्षा कधी होणार याला किंमत असते. आणि तेच कुणीतरी सकाळी सांगून टाकायचं.

शिक्षिकेच्या सासूबाई तेव्हा अंथरुणाला खिळल्या होत्या. शाळा, घर, सासूबाईंचं सगळं. एकदा कोर्टातल्या प्रसंगाच्या दिवसांत एकीनं चढल्या चढल्या "आज काय झालंय माहितीये" म्हणून सुरुवात केली आणि शिक्षिका थांब म्हणेपर्यंत सगळं सांगून झालं. शिक्षिका ओरडली नाही. म्हणाली, "माझा दिवसभरातला एवढाच अर्धा तास असतो गं. तोही घेतलास." दुसऱ्या दिवसापासून ती आमच्यात बसायची सोडून दाराशी उभी राहू लागली. सांगणारीला आधी वाटलं, एवढं काय त्यात. मग तीही घुम्यासारखी बसू लागली. दोन शहाण्या बायका एका मालिकेवरून एकमेकींशी बोलेनाशा झाल्या, हे घरी सांगितलं तर लोक हसतील म्हणून मी घरी सांगितलंच नाही.

मार्ग ताईंनी काढला. नियम केला: ठाण्यापर्यंत फक्त कालचं, म्हणजे काल टीव्हीवर जे लागलं तेवढंच. ठाणं सुटल्यावर ज्यांना पुढचं बोलायचं त्यांनी बोलावं, बाकीच्यांनी जरा बाजूला व्हावं. हा नियम चालला नाही. ठाण्याला डबा असा भरतो की बाजूला होणार कुठे? कान तर बंद करता येत नाहीत. मग त्यात बदल केला. पुढचं सांगायचं असेल तर आधी "सांगू का?" विचारायचं. एकीनं जरी नको म्हटलं तर गाडीत सांगायचं नाही. ॲपवाल्यांनी फोनवर वेगळा ग्रुप केला, त्याचं नावच 'पुढचं' आहे. प्रोमो, मूळ मालिकेतली कथा, कुणाची एंट्री, कोण मालिका सोडणार, हे सगळं तिथे. आमचा जुना ग्रुप 'कालचं'. यानं फरक पडला. शिक्षिका आत येऊन बसू लागली. ॲपवालीनं तिच्यासाठी खिडकी धरून ठेवली होती, तेव्हा मिटलं हे आम्हाला कळलं.

दुसरं भांडण गुरुवारचं. कुठली मालिका किती बघितली गेली याचे बार्क या संस्थेचे आठवड्याचे आकडे गुरुवारी येतात आणि टीआरपीच्या याद्या फोनवर फिरतात. त्यावरून "तुमची मालिका पडली", "आमची पहिली" हे सुरू व्हायचं. आता ते कमी झालंय, कारण आकडे कशाचे असतात ते बँकेतल्या दोघींनी नीट वाचून सांगितलं. देशभरात पन्नास हजारांहून थोड्या जास्त घरांत मीटर बसवलेले आहेत. ती घरं कुठली हे गुप्त ठेवतात. त्यांच्या बघण्यावरून सगळ्या देशाचा अंदाज बांधला जातो. हा आकडा जाहिरातदारांना वेळ विकण्यासाठी लागतो. मालिका चांगली की वाईट, हे तो सांगत नाही. हे कळल्यावर यादी येते, बघतो आणि सोडून देतो. मालिकेची वेळ बदलली किंवा ती अचानक गुंडाळायला घेतली की मात्र आदल्या काही आठवड्यांचे आकडे आठवतात. तेवढा त्याचा उपयोग.

या सगळ्यात पैशांचं आणि मनस्तापाचं नुकसान झालं ते एका येणाऱ्या मालिकेवरून. हे जरा सविस्तर सांगते.

एका नव्या मालिकेचा प्रोमो लागला होता. त्यात आजोबा आणि लहान नात होती. आमच्यात नव्यानं आलेली एक मैत्रीण आहे, दादरला एका दवाखान्यात रिसेप्शनला असते. तिची मुलगी सात वर्षांची, गोड बोलते, गणपतीत नाच करते. आम्ही सगळ्याच तिला म्हणायचो, हिला मालिकेत घाल. प्रोमो आल्यावर काही दिवसांत फोनवर एक मेसेज फिरत आला. 'सहा ते नऊ वर्षांच्या मुली हव्यात', वाहिनीचं बोधचिन्ह, खाली एक मोबाइल नंबर. तो आमच्या ग्रुपवरही आला होता. मैत्रिणीनं कुणाला न सांगता मुलीचे फोटो आणि एक व्हिडिओ पाठवला. तिला आम्हाला एकदम आश्चर्याचा धक्का द्यायचा होता.

माणूस बोलायला सभ्य होता. "ताई, मुलीत स्पार्क आहे" म्हणाला. आधी नोंदणीचे अडीच हजार घेतले. मग निवड झाली म्हणाला आणि आर्टिस्ट कार्ड आणि कपड्यांची अनामत म्हणून पंधरा हजार मागितले, पहिल्या दिवसाच्या मानधनाबरोबर परत मिळतील असं सांगून. तिनं भिशीचे पैसे दिले. गाडीत तिनं एवढंच विचारलं होतं की घोडबंदर रोडला सकाळी सातला पोचायला काय सोयीचं. आम्ही रिक्षा, बस सगळं सांगितलं. कशासाठी हे कुणी विचारलं नाही.

सांगितलेल्या दिवशी ती मुलीला घेऊन गेली. तिथे खरंच एका मालिकेचं चित्रीकरण चालू होतं, पण वेगळ्याच. फाटकावरच्या माणसानं तिच्या हातातला मेसेज बघितला आणि म्हणाला, "बाई, असे मेसेज घेऊन बरेच येतात. घरी जा." मुलीनं परकर-पोलकं घातलं होतं, केसांत गजरा होता. तिला काही कळलं नाही, ती आतली माणसं बघत होती. फोन लावला तर बंद. हे सगळं मैत्रिणीनं आम्हाला दुसऱ्या दिवशी गाडीत सांगितलं. सांगताना मुलीबद्दलच बोलत होती, पैशांचं नाव काढलं नाही. नवऱ्याला काय सांगायचं, हे तिनं शेवटी विचारलं.

इथे उपयोगी पडलेल्या गोष्टी सांगते. ताईंनी तिला गाडीतूनच 1930 ला फोन लावायला लावला. ऑनलाइन फसवणुकीसाठी हा देशभर एकच नंबर आहे. जितक्या लवकर कळवाल तितकी पुढच्या खात्यात पैसे अडवण्याची शक्यता जास्त. त्या नंबरवर विचारलं ते असं: पैसे कुठल्या दिवशी, किती वाजता गेले, यूपीआयच्या व्यवहाराचा बारा आकडी नंबर, समोरच्याचा मोबाइल आणि बँकेचं नाव. हे हाताशी असलं की तक्रार पटकन नोंदवली जाते. बँकेतल्या मैत्रिणीनं तिच्या फोनमधून हे नंबर काढून कागदावर लिहून दिले. त्या माणसाबरोबरचं बोलणं पुसून टाकायला ती निघाली होती, लाजेनं. ते करू दिलं नाही. सगळ्याचे स्क्रीनशॉट काढले. संध्याकाळी दोघी तिच्याबरोबर पोलीस ठाण्यात गेल्या. पहिले अडीच हजार गेले ते गेले. पंधरा हजारांपैकी काही रक्कम अडवता आली आणि ती बऱ्याच खेपांनंतर परत मिळाली. नवऱ्याला तिनं त्याच रात्री सांगितलं. तो चिडला, पण पोलीस ठाण्याच्या पुढच्या खेपा त्यानंच घातल्या.

कामगार आयुक्तांच्या कार्यालयातल्या मॅडमनी त्या वेळी सांगितलेलं मला प्रत्येक आईबापापर्यंत पोचायला हवं असं वाटतं. मालिकेत लहान मूल घ्यायचं तर निर्मात्याला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी घ्यावी लागते. तसा नियम 2017 पासून आहे. मुलाला दिवसात पाच तासांपेक्षा जास्त काम देता येत नाही, सलग तीन तासांनंतर विश्रांती द्यावीच लागते, शाळा बुडू नये ही जबाबदारी निर्मात्याची असते. मिळकतीतला निदान वीस टक्के भाग मुलाच्या नावानं बँकेत ठेवावा लागतो. म्हणजे खरं काम असेल तर कागद निर्मात्यानं दाखवायचे असतात. काम देतो म्हणणाऱ्याला ही परवानगी विचारा. फसवणारा तिथेच गडबडतो. आणि भूमिका देतो म्हणून जो पैसे मागतो त्याच्याकडे भूमिका नसते, हे मॅडमनी तीनतीनदा सांगितलं.

मुलगी बरेच दिवस "माझं शूटिंग कधी" विचारायची. नंतर सुट्टीतल्या बालनाट्य शिबिरात तिचं नाव घातलं. तिथे ती झाड झाली होती. आम्ही चौघी बघायला गेलो.

त्यानंतर ग्रुपवर काहीही आलं तरी पहिला प्रश्न असतो, "हे कुठे वाचलंस?" मालिका बंद होतेय, अमक्या नायिकेला काढलं, तमका कलाकार गेला, काहीही. वाहिनीच्या किंवा कलाकाराच्या स्वतःच्या पानावर नसेल, चांगल्या वर्तमानपत्रात नसेल, तर पुढे पाठवायचं नाही. जिवंत कलाकारांच्या निधनाच्या खोट्या बातम्या आम्ही बघितल्या होत्या. त्यामुळे 2025 च्या ऑगस्टात, दहीहंडीच्या दिवशी, ज्योती चांदेकर गेल्याचा मेसेज आला तेव्हाही सगळ्यांनी हेच विचारलं. खोटं असावं असं मनापासून वाटत होतं. 'ठरलं तर मग'मधल्या त्या पूर्णा आजी. थोड्या वेळानं वर्तमानपत्रांत आलं, पुण्यात त्यांचं निधन झालं होतं.

सोमवारी पाऊस कोसळत होता, गाड्या उशिरानं धावत होत्या. डब्यात दुसरा विषय नव्हता. ताईंना चांदेकरांची नाटकं आणि सिनेमे आठवत होते. 'मी सिंधुताई सपकाळ'मध्ये मोठ्या वयाच्या सिंधुताई त्यांनी केल्या होत्या आणि तरुण वयाच्या त्यांची मुलगी तेजस्विनी पंडितनं, हे ताईंनीच आम्हाला सांगितलं. माझ्या आईला मी ती बातमी रविवारी सांगितली तेव्हा तिनं टीव्ही बंद केला होता.

त्याच महिन्यात 'वीण दोघांतली ही तुटेना' सुरू झाली. 'होणार सून मी ह्या घरची'पासून तेजश्री प्रधानला बघणाऱ्या आमच्या बऱ्याच जणी तिची वाट बघत होत्या, शिवाय समोर सुबोध भावे. पण वेळ साडेसातची. साडेसातला आम्ही कुर्ला नाहीतर घाटकोपरला लटकत असतो. नोकरी करणाऱ्या बाईच्या हातात रिमोट येतो आठनंतर, म्हणून नव्या मालिकेच्या प्रोमोत आम्ही नायिकेच्या आधी वेळ बघतो. ही मालिका ज्यांना बघायची त्यांना ॲपच घ्यावं लागलं. 'कालचं'मधल्या काही जणी त्यामुळे 'पुढचं'मध्ये गेल्या.

आणि पूर्णा आजींच्या जागी कुणाला आणावं का, यावर मोठा वाद झाला. शिक्षिकेचं म्हणणं, आणूच नये, आजी गावाला गेल्या असं दाखवावं. तो चेहरा दुसऱ्या कुणाला देणं तिला सहन होत नव्हतं. ताई म्हणाल्या, संजना बदलली तेव्हाही असंच वाटलं होतं. मी ताईंच्या बाजूची आहे. आजी गावाला गेल्या की त्या घरातली एक बाजूच जाते. टीव्हीवरच्या घरांत सत्तरीच्या बाईच्या शब्दाला एवढं वजन असलेलं फार कमी दिसतं. चुकते, हट्ट धरते, मग स्वतःच सायलीच्या पाठीशी उभी राहते, अशी आजी तर आणखीच कमी. ती भूमिका राहायला हवी आणि कुणा तयारीच्या अभिनेत्रीनं ती करायला हवी, असं मी सांगितलं. शिक्षिकेला पटलं नाही. दादरला उतरेपर्यंत ती माझ्याशी वाद घालत होती, आणि उतरल्यावर तिनं उरलेलं 'कालचं'वर लिहिलं.